वाचकसंख्येचे आकडे कसे वाचावेत?

या खेपेला निवडलेली सहाही पत्रे कोकणातून आली आहेत. पत्रलेखक ऑनलाइन लिहितात, आणि लेखाखाली दिसणाऱ्या आकड्यांचा नेमका अर्थ काय लावायचा, हाच प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने विचारला आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून मीडियम या लेखनाच्या संकेतस्थळावर मराठीत लिहिते. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू होण्यापूर्वी तरीतून (होडीतून) खाडी ओलांडणाऱ्या माणसांवर मी एक मोठा लेख लिहिला. त्याला आजवर सुमारे १,८०० व्ह्यूज मिळाले, पण रीड्स अवघे ४१० आहेत. उरलेल्या जवळजवळ १,४०० जणांना लेख आवडला नाही, असे समजायचे का? — गुहागर

उत्तर : तसे समजू नये. हे दोन आकडे कसे तयार होतात ते पाहिले, की त्यांतून आवडीनिवडीचा निष्कर्ष का निघत नाही हे लक्षात येईल. लेखाचे पान कोणाच्याही फोनवर किंवा संगणकावर उघडले की एक व्ह्यू नोंदला जातो. उघडणारा पहिल्या ओळीवरून परत फिरला, चुकून बोट लागून तिथे आला किंवा शेवटच्या ओळीपर्यंत रमला, तरी या नोंदीत काहीही फरक पडत नाही. रीड मात्र वाचक त्या पानावर किमान ३० सेकंद थांबला तरच धरला जातो. या दोहोंच्या अलीकडे ‘प्रेझेंटेशन’ नावाचा आणखी एक आकडा असतो. मीडियमच्या मुख्य पानावर किंवा एखाद्या विषयाच्या यादीत तुमच्या लेखाचे शीर्षक किती वेळा कोणाच्या समोर आले, एवढेच तो सांगतो. शीर्षक समोर येणे, लेख उघडणे आणि लेखावर थांबणे अशा या तीन पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर माणसे गळतात. ही गळती जगातल्या सगळ्याच लेखनात होते. वाचकांचे पानावरचे वर्तन मोजणाऱ्या चार्टबीट या कंपनीचे टोनी हेल यांनी मार्च २०१४ मध्ये टाइम नियतकालिकात असे मांडले होते की, तपासलेल्या भेटींपैकी ५५ टक्के भेटींमध्ये वाचक १५ सेकंदांहूनही कमी वेळ पानावर सक्रिय होते. त्या मानाने तुमच्याकडे शंभरांतले तेवीस वाचक अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त थांबले, ही मला समाधानाची गोष्ट वाटते.

मात्र ४१० हा आकडाही जपून वापरायला हवा. अर्ध्या मिनिटात तुमचा मोठा लेख कोणाचाही वाचून होणार नाही, त्यामुळे ४१० जणांनी तो पूर्ण वाचला असेही म्हणता येत नाही. लेखाच्या शिरोभागी मीडियम वाचनाचा जो अंदाजी वेळ दाखवतो, तो मिनिटाला सुमारे २६५ शब्द या वेगाने काढलेला असतो. १,०६० शब्दांचा लेख त्या हिशेबाने ४ मिनिटांचा ठरतो. इंग्रजीतील ललितेतर मजकुराच्या मूकवाचनाचा सरासरी वेग मिनिटाला २३८ शब्द असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसले होते, म्हणजे तो अंदाज इंग्रजीलाही थोडा घाईचाच आहे. मराठीत तर विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येतात, शब्द लांब होतात आणि तेवढेच शब्द वाचायला अधिक वेळ लागतो. म्हणून सरासरी वाचनवेळेची तुलना त्या अंदाजाशी करून मन खट्टू करून घेऊ नये आणि फुशारूनही जाऊ नये.

उपयोगी तुलना तुमच्याच दुसऱ्या लेखाशी होते. साधारण तेवढ्याच लांबीचे, तशाच वाटेने वाचकांपर्यंत गेलेले तुमचे पाच-सहा लेख घ्या आणि प्रत्येकाचे रीड्सचे व्ह्यूजशी प्रमाण काढा. एखाद्या लेखाचे प्रमाण इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी असेल, तर त्याचे शीर्षक आणि पहिले दोन परिच्छेद पुन्हा वाचा. तीस सेकंदांच्या आत जे काही घडते ते तेवढ्यातच घडते, लेखाच्या मध्याचा किंवा शेवटाचा त्याच्याशी संबंध नसतो. शीर्षकात तरीचा उल्लेख असेल आणि पहिले दोन परिच्छेद खाडीच्या भूगोलावर खर्च झाले असतील, तर माणसांच्या आठवणी वाचायला आलेला वाचक तेवढ्यात निघून जातो. तुलना करताना किमान काही शे व्ह्यूज असलेले लेखच घ्यावेत. वीस व्ह्यूजमध्ये दहा रीड्स आणि वीस व्ह्यूजमध्ये बारा रीड्स यांत फरक शोधणे व्यर्थ आहे.

आपल्या भागापुरती आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पान उघडल्याची आणि पानावर थांबल्याची खबर यंत्रणेपर्यंत जायला त्या त्या वेळी इंटरनेट लागते. एस.टी. स्टँडवर रेंज असताना लेख उघडून ठेवणारा आणि घरी, रेंज नसलेल्या पडवीत बसून तो सावकाश वाचणारा वाचक व्ह्यूमध्ये येतो, पण रीडमध्ये बहुधा येत नाही. ज्यांना लेखाचा मजकूर कोणी तरी कॉपी करून व्हॉट्सॲपवर पाठवला, ते तर कोणत्याच आकड्यात येत नाहीत. या पद्धतीत लेखकाचे नाव फार वेळा गळून पडते, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेव्हा लेख पाठवताना मजकुराऐवजी लिंक पाठवण्याची विनंती वाचकांना संकोच न करता करावी.

प्रश्न : मासेमारी आणि खाडीकाठच्या जीवनावर मी माझ्या संकेतस्थळावर लिहितो. संकेतस्थळावरच्या भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये माझे बहुतेक वाचक ‘डायरेक्ट’ म्हणून आलेले दिसतात आणि त्यांचे शहर मुंबई किंवा पुणे दिसते. प्रत्यक्षात लेख वाचून मला फोन करणारे देवबाग, तारकर्ली आणि वेंगुर्ल्याचे असतात. मी विश्वास कशावर ठेवू? — मालवण

उत्तर : फोनवर. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करून पाहू.

एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाताना ब्राउझर नव्या पानाला ‘मी अमुक ठिकाणाहून आलो’ असे कळवतो, आणि ॲनालिटिक्स त्यावरून वाचकाची वाट ठरवते. व्हॉट्सॲपमधल्या संदेशावर बोट ठेवून जो येतो त्याच्याबरोबर अशी माहिती येत नाही. कुठून आला हे ठाऊक नसलेल्या प्रत्येकाला ॲनालिटिक्स ‘डायरेक्ट’ या खान्यात टाकते. म्हणजे तुमचा पत्ता पाठ असणारा नेमाचा वाचक आणि कोणाच्या तरी ग्रुपवरून प्रथमच आलेला अनोळखी वाचक, हे दोघे तिथे एकत्र नांदतात. ही अडचण सगळ्या जगाची आहे. अलेक्सिस मॅड्रिगल या पत्रकाराने २०१२ मध्ये अशा न दिसणाऱ्या देवाणघेवाणीला ‘डार्क सोशल’ असे नाव दिले. मराठी लेखनाचा प्रसार मुख्यतः ग्रुपांमधूनच होत असल्यामुळे आपल्याला ती अधिक जाणवते.

यावर उपाय सोपा आहे आणि फुकट आहे. लेखाच्या लिंकच्या शेवटी यूटीएम नावाच्या खुणा जोडता येतात. त्या बिनचूक जोडून देणारे ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ हे साधन गूगलनेच उपलब्ध केले आहे. सोर्सच्या रकान्यात व्हॉट्सॲप आणि कॅम्पेनच्या रकान्यात ग्रुपचे छोटे नाव लिहिले, की तयार झालेली लिंक त्या ग्रुपवर टाकायची. वाडीच्या ग्रुपला एक लिंक, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाच्या ग्रुपला दुसरी आणि मच्छीमार सोसायटीच्या ग्रुपला तिसरी, असे केले म्हणजे ‘डायरेक्ट’चा ढीग बराचसा उकलतो. खुणेचे स्पेलिंग दर वेळी तंतोतंत तेच ठेवावे, कारण लहान आणि मोठ्या लिपीतले रोमन अक्षर ॲनालिटिक्स वेगळे मानते आणि एका ग्रुपचे दोन होतात. शिवाय वाडीच्या ग्रुपवरची लिंक कोणी मुंबईला फॉरवर्ड केली, तरी तिच्यावरची खूण वाडीचीच राहते. म्हणून या नोंदीचा अर्थ ‘या ग्रुपमधून सुरू झालेला प्रसार’ असा घ्यावा.

आता शहराविषयी. वाचक कोठे आहे हे ॲनालिटिक्स त्याच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवर जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून ताडते. मोबाइल कंपन्यांचे इंटरनेट मोठ्या शहरांतल्या केंद्रांमधून बाहेर पडते आणि आयपी पत्ता फोनच्या जागेऐवजी त्या केंद्राचा ठिकाणा सांगतो. दूरसंचार परवान्यांच्या रचनेत सिंधुदुर्ग ज्या महाराष्ट्र मंडळात मोडतो त्यात गोवाही आहे आणि मुंबईचे मंडळ स्वतंत्र आहे, तेव्हा या यंत्रणेत जिल्ह्याच्या सीमेला फारसा अर्थ उरत नाही हे उघड आहे. देवबागच्या घरात बसून वाचणारा माणूस पुण्याचा दिसणे यात तुमच्या संकेतस्थळाचा काही बिघाड नाही. देशाच्या पातळीवरचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा असतो, त्यामुळे आखाती देशांत नोकरीला असलेले तुमचे वाचक किती, याचा अंदाज त्यावरून जरूर घ्यावा. शहरांच्या तक्त्यावरून मात्र कोणताही निर्णय घेऊ नये.

जाता जाता ‘युजर्स’ या आकड्याविषयी. तो माणसांऐवजी ब्राउझर मोजतो. एकच माणूस फोनवर आणि कार्यालयातल्या संगणकावर वाचत असेल तर तो दोनदा धरला जातो, आणि घरातल्या तिघांनी एकाच फोनवर वाचले तर ते तिघे मिळून एक होतात. आयफोनवरच्या सफारीत अशी ओळख पटवणाऱ्या कुकीज सहसा सात दिवसांत पुसल्या जातात, त्यामुळे महिन्यातून एकदा येणारा जुना वाचकही दर वेळी नवा ठरतो. तसेच १ जुलै २०२३ पासून ॲनालिटिक्सची जुनी पद्धत बंद होऊन नवी आली आहे. नव्या पद्धतीत १० सेकंदांहून जास्त टिकलेली किंवा दोन पाने पाहिलेली भेटही गुंतलेली भेट मानली जाते, म्हणून त्या तारखेआधीचा ‘बाउन्स रेट’ (लगेच परत फिरलेल्या भेटींचे प्रमाण) आणि नंतरचा यांची तुलना करू नये.

प्रश्न : प्रतिलिपी या कथा-कादंबऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर माझी कादंबरी क्रमशः चालू आहे. पहिल्या भागाला भरपूर वाचक आहेत आणि बाराव्या भागापर्यंत ते फारच कमी होतात. मी लिहिणे थांबवावे का? — चिपळूण

उत्तर : थांबवू नये. पहिल्या भागावर असे अनेक जण येतात ज्यांना ही कथा आपल्यासाठी आहे की नाही हेच पाहायचे असते. त्यांची संख्या पुढच्या प्रत्येक भागाचा मापदंड धरली तर कोणतीही मालिका अपयशीच दिसेल. प्रत्येक भागाला त्याच्या लगेच आधीच्या भागाने भागून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या भागापाशी मोठी घट स्वाभाविक आहे. त्यानंतर प्रमाण स्थिर असेल तर तुमचा वाचक बांधला गेला आहे. पण सात आणि आठ यांच्यामध्ये एकदम उतार दिसला, तर सातव्या भागाचा शेवट तपासायला हवा. जुन्या भागांना वाचक मिळवायला जास्त दिवस मिळालेले असतात, तेव्हा प्रत्येक भागाचा प्रकाशनानंतरच्या सारख्याच मुदतीतला आकडा टिपून ठेवा आणि त्यांचीच तुलना करा.

प्रश्न : मी आंबा बागायतदार असून मोहोर, तुडतुडे, फवारणी आणि हवामान यांवर सबस्टॅकवरून ईमेल वार्तापत्र पाठवतो. छोटे टिपण पाठवले तर ओपन रेट (ईमेल उघडणाऱ्यांचे प्रमाण) चांगला असतो, सविस्तर लेख पाठवला की तो घसरतो. शेतकऱ्यांना मोठे लेख नकोत असा याचा अर्थ का? — देवगड

उत्तर : तुमचे निरीक्षण अगदी बारकाईचे आहे, पण या घसरणीला एक तांत्रिक कारण असण्याची दाट शक्यता आहे आणि ते मराठीत लिहिणाऱ्याला विशेष बाधते. ईमेल उघडले गेले हे सेवेला कळते ते त्यात दडवलेल्या एका अतिसूक्ष्म चित्रामुळे. ते चित्र उतरवले गेले की ‘ओपन’ची नोंद होते. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठे ईमेल मध्येच कापते आणि खाली पूर्ण संदेश पाहण्याची लिंक देते. ते सूक्ष्म चित्र मजकुराच्या शेवटी असेल तर ते कापलेल्या भागात जाते, आणि वाचकाने ती लिंक दाबली नाही तर त्याने तुमचे ईमेल उघडलेच नाही अशी नोंद राहते.

१०२ केबी ही मर्यादा इंग्रजी लिहिणाऱ्याला सहसा जाचत नाही. संगणकावर मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे असतात. ‘आंबा’ लिहिताना आ, अनुस्वार, ब आणि काना अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट होतात. तोच शब्द रोमन लिपीत चार अक्षरांत लिहिला तर ४ बाइट पुरतात. म्हणजे अक्षरे तेवढीच असली तरी मराठी मजकुराचे ओझे इंग्रजीच्या तिप्पट होते. त्यावर मांडणीसाठीच्या सूचना, चित्रांचे दुवे आणि तळटिपा यांचा भार पडतो तो वेगळाच. ईमेलसाठी मजकूर फार मोठा होत असेल तर सबस्टॅक लिहिताना तशी सूचना देते, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. पुढच्या वेळी सविस्तर लेखाचा सुरुवातीचा एक-तृतीयांश भागच ईमेलमध्ये द्या, उरलेल्या लेखासाठी लिंक द्या, आणि त्या लिंकवर किती जण गेले ते पाहा. तुडतुड्यांवरचा सविस्तर लेख हवा आहे की नको, याचे खरे उत्तर त्या क्लिक्समधून मिळेल.

याच्या अगदी उलट दिशेने आकडा फुगवणारी गोष्टही आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये वाचकांच्या खासगीपणासाठी अशी सोय आणली की, ती चालू ठेवणाऱ्या वाचकाने ईमेल उघडले असो वा नसो, त्यातली चित्रे ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात. वाचकाच्या दृष्टीने ही सोय स्वागतार्हच आहे, पण तुमच्या तक्त्यात ती न उघडलेल्या ईमेललाही उघडलेले ठरवते. म्हणजे आयफोनवर न वाचणारा मोजला जातो आणि जीमेलवर वाचणारा सुटतो. अशा आकड्यावरून एकूण वाचक ठरवण्यात अर्थ नाही. बागेतून आलेले प्रश्न, ईमेलला दिलेली उत्तरे, लिंकवरील क्लिक्स आणि एखाद्या अंकानंतर नाव काढून घेणाऱ्यांची संख्या, या चार गोष्टी एका वहीत प्रत्येक अंकासमोर लिहीत जाव्यात. डिसेंबर-जानेवारीत मोहोराच्या दिवसांत आलेले एक उत्तर, ‘फवारणी पुढे ढकलली’ एवढेच सांगणारे का असेना, मी कितीतरी ओपनपेक्षा मोलाचे मानेन.

प्रश्न : श्रीवर्धन, हरिहरेश्वर आणि दिवेआगर परिसरावर मी लिहिते. कोकणात गणपतीला कसे यावे, यावरचा माझा लेख २०२४ मध्ये मे महिन्यात खूप वाचला गेला, २०२५ च्या मे महिन्यात मात्र त्याकडे कोणी फिरकले नाही. गूगलच्या शोधात आपले पान कसे दिसते ते सांगणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये माझी सरासरी जागाही घसरलेली दिसते. गूगलने माझा लेख खाली टाकला आहे का? — श्रीवर्धन

उत्तर : मला तसे वाटत नाही. आधी पंचांग पाहू आणि मग गूगल. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि त्या वेळी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होत असे. चाकरमानी गावी येण्याचा विचार आणि शोध आरक्षणाच्या दिवसांत सुरू करतो, आणि त्या वर्षी ते दिवस मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पडले. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेने ही मुदत ६० दिवसांवर आणली. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला आली, म्हणजे ती घाई जूनच्या अखेरीस गेली. तुमचा वाचक नाहीसा झालेला नाही, तो सात आठवडे पुढे सरकला. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला असल्याने तोच वाचक जुलैच्या मध्याच्या आसपास यायला हवा. मे २०२४ ची तुलना जून २०२५ च्या अखेरीशी करून पाहा, मग चित्र पुष्कळ वेगळे दिसेल.

कोकणावर लिहिणाऱ्याने इंग्रजी महिन्यांची तुलना करण्याआधी नेहमी सण कोठे पडला ते पाहावे. शिमगा आणि गणपती तिथीने येतात, अधिक मास आला की पुढचे सण लांबतात. मेच्या सुट्ट्या, पावसाळा आणि डिसेंबरचे पर्यटन मात्र इंग्रजी महिन्यांनी चालते. दिवेआगरच्या किनाऱ्यावरचा लेख जूनमध्ये कमी वाचला गेला तर त्यात नवल नाही, पावसाळ्यात समुद्रावर जाण्याचा बेत फार थोडे जण करतात.

आता सरासरी जागा. ज्या ज्या शोधाच्या निकालांत तुमचे पान दिसले, त्या सगळ्यांतल्या जागांची ती सरासरी असते. समजा, दिवेआगरचे नाव घेऊन केलेल्या शोधात तुम्ही तिसऱ्या जागी आहात. पुढे तुमचे पान ‘कोकण पर्यटन’ अशा व्यापक शोधातही साठाव्या जागी दिसू लागले, तर दिसण्याची संख्या वाढेल आणि सरासरी घसरेल, आणि तरीही तुमची तिसरी जागा जागच्या जागी असेल. म्हणून एकूण सरासरीऐवजी एकेका शोधवाक्याची ओळ उघडून पाहावी. त्या यादीत मराठी वाचकांनी रोमन लिपीत टाइप केलेली शोधवाक्ये तुम्हाला देवनागरीच्या बरोबरीने दिसतील, आणि गावाच्या नावाची वेगवेगळी स्पेलिंगेही. लेखात एकदा तरी गावाचे प्रचलित रोमन स्पेलिंग यावे, एवढी तडजोड करायला माझी हरकत नाही.

सर्च कन्सोल फक्त मागचे १६ महिने दाखवते, तेव्हा दोन गणपतींच्या पलीकडची तुलना हवी असेल तर आकडे दर तिमाहीला उतरवून स्वतःकडे ठेवावे लागतील. त्यातला दिवसही कॅलिफोर्नियाच्या वेळेने धरला जातो. श्रीवर्धनला सकाळी आठ वाजता आलेला वाचक तिथे आदल्या दिवसाच्या खात्यात पडतो. चतुर्थीच्या दिवसाचा आकडा आदल्या तारखेला वाढलेला दिसला तर गोंधळून जाऊ नये.

प्रश्न : ‘सिंधुदुर्गातील पाहण्याजोगे किनारे’ ही माझी यादी हजारो लोक वाचतात. दशावतारातल्या संकासुरावर मेहनतीने लिहिलेला लेख त्याच्या विसाव्या हिश्शाइतकाही वाचला गेला नाही. वाचकांना हवे तेच द्यावे असे मित्र सांगतात. आपले मत काय? — कुडाळ

उत्तर : माझे मत असे की या दोन लेखांचे एकूण आकडे शेजारी ठेवणेच चुकीचे आहे. किनाऱ्यांची यादी सुट्टीत कोकणात येऊ पाहणाऱ्या कोणासाठीही आहे. संकासुरावरचा लेख ज्याने जत्रेतला दशावतार पाहिला आहे किंवा ज्याला लोकरंगभूमीची ओढ आहे, अशांसाठी आहे. पहिल्या समूहाचा आकार दुसऱ्याच्या कैक पट असताना वाचक कमी येणे हा लेखाचा दोष ठरत नाही. विचारायला हवे ते हे, की ज्याला हा लेख हवा होता त्याच्यापर्यंत तो पोहोचला का, आणि पोहोचल्यावर त्याने काय केले.

ते तुम्ही तपासू शकता. यादी वाचून गेलेल्यांपैकी किती जण तुमच्या दुसऱ्या एखाद्या लेखावर गेले आणि संकासुरावरून किती जण गेले, हे शेकड्यांत काढा. सबस्क्राइब करणाऱ्यांचेही असेच करा. वाचनाचा सरासरी वेळ पाहताना एक सावधगिरी हवी. दोन-चार जणांनी फार वेळ लावला, तर सरासरी सगळ्यांच्या वतीने फुगते. यंत्रणा मध्यक (सगळे वेळ क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) देत असेल तर तो पाहावा, देत नसेल तर सरासरीवर फार विसंबू नये. लेखाखाली आलेले अभिप्रायही नीट वाचावेत. एखाद्या जुन्या कलावंताच्या घरातून दुरुस्ती सुचवणारा अभिप्राय आला असेल, तर त्यातून पुढचा लेख उभा राहू शकतो, आणि अशी माहिती कोणत्याही तक्त्यात मिळत नाही.

मित्रांचा सल्ला सद्भावनेचा आहे, पण ‘वाचकांना हवे ते’ म्हणजे सर्वांत मोठ्या समूहाला हवे ते, असे त्यांनी गृहीत धरले आहे. किनाऱ्यांच्या याद्या पुष्कळ आहेत आणि त्या उद्या आणखी कोणीही लिहील. संकासुराच्या प्रवेशावर, त्याच्या वेशावर, प्रेक्षकांतल्या पोरांच्या मागे तो कसा लागतो यावर बारकाईने लिहू शकणारी माणसे थोडी आहेत, आणि तुम्ही त्यांतले आहात. यादी बंद करण्याचेही कारण नाही. तिच्यात मालवण-वेंगुर्ले परिसराविषयी जिथे लिहिले आहे, तिथे रात्रीच्या जत्रेचा आणि दशावताराचा एक परिच्छेद घालून संकासुरावरच्या लेखाची लिंक द्या, आणि त्या लिंकला वर सांगितलेली यूटीएम खूण मात्र लावू नका, कारण स्वतःच्याच संकेतस्थळातल्या दुव्यांना ती लावली तर वाचक मुळात कोठून आला ही नोंद पुसली जाते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू होतो. तेव्हा लेख पुन्हा ग्रुपांवर पाठवा, शिमग्यापर्यंत त्याची बेरीज काढू नका, आणि मग ती याच लेखाच्या आधीच्या चार महिन्यांशी ताडून पाहा.